घरगुती जपान

जपानला जायचं बायकोनं ठरवलं होतं. वाटाड्याबरोबर सायकलवर खेड्यापाड्यांतून डोंगर चढत हिंडायचं आणि रोज संध्याकाळी गरम पाण्याच्या झऱ्यात बसायचं, अशी ती सहल. माहितीपत्रकावर 'स्वतःला नव्याने भेटा' असं छापलं होतं. मी म्हणालो, माझी न्‌ माझी भेट इथं आयर्लंडात, आमच्या सँडीफोर्डच्या फ्लॅटमध्ये रोज होते आणि ती फारशी सुखाची नसते, त्यासाठी इतकं लांब कशाला? ती म्हणाली, "तू नुसतं पायडल मार. भेटायचं मी बघते."

मग तिचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास नको म्हणून सांगितलं. तेव्हा तिनं अंथरुणात बसून आयर्लंडमध्येच तसली सहल शोधून काढली. पश्चिमेला स्लायगोकडचे डोंगर, सोबत वाटाड्या आणि झऱ्यांऐवजी जुनी न्हाणीघरं. समुद्राचं पाणी तापवून टबात भरायचं, त्यात शेवाळ टाकायचं आणि पडून राहायचं. सांधे धरलेल्या माणसांचा इथला पिढीजात उपाय. याला ती घरगुती जपान म्हणायची. मे महिन्यातली तारीख घेतली, दोन नावं घातली. मार्चमध्ये ती गेली.

तिच्या जागी मी तिच्या वडिलांना घेऊन गेलो.

सासऱ्यांना आमच्याकडे मामा म्हणतात. मामा कराडचे. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली आणि ही त्यांची एकुलती एक. ती आजारी पडली तेव्हा ते आले, व्हिसा वाढवून राहिले आणि आता जूनमध्ये त्यांना परत जायचं होतं, रिकाम्या घरात. मला त्यांना विचारायचं होतं, इथंच राहाल का म्हणून. कायमचे. अर्ज करून बघता येईल, असं वकीलबाई म्हणाल्या होत्या. पण एका फ्लॅटमध्ये चोवीस तास राहूनही हे विचारायला आम्हाला जागा सापडत नव्हती. सहलीत विचारायचं, असं मी मनाशी ठरवलं.

अडचण होती ती मामांच्या एका नेमाची. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्न खाऊ नये, अशी आमच्या भागातली जुनी रीत. आता ती फारसं कुणी पाळत नाही. मामा देव मानत नाहीत, मुहूर्त मानत नाहीत, आमच्या लग्नात भटजींना त्यांनी निम्म्यातून आवरतं घ्यायला लावलं होतं. माझे पाय धुवायची वेळ आली तेव्हा ते तांब्या हातात घेऊन म्हणाले, "जावईबापू, विष्णूचा अवतार आहे असं धरून चालू. गणितात धरावंच लागतं." असा माणूस, पण हा एक नेम त्यांनी सोडला नाही. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळे नेम संपलाही नाही.

पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या बॅगेत तांदूळ, डाळ, ज्वारीचं पीठ आणि कांदा-लसूण मसाला होता. स्वयंपाक ते स्वतः करायचे, आम्हा दोघांनाही वाढायचे. म्हणजे हिशेबानं आम्हीच त्यांच्याकडे जेवत होतो. बायको चिडायची.

"आणि पाणी, बाबा? नळाचं पाणी कुणाचं?"

"सरकारचं."

"गॅस?"

"तो उद्यापासून चूल मांडून सोडवतो."

एकदा मी त्यांना खरंच विचारलं की हे कशापायी? ते म्हणाले, "धर्म नाही हो हा. लाज आहे. लेकीच्या जिवावर बसलो, असं नको वाटायला."

शेवटच्या आठवड्यांत तिला दोन घासांच्या वर काही जात नसे. तिच्या वाटीत उरलेली पेज मामा तिथंच पलंगाशी बसून पिऊन टाकायचे. ती मी केलेली असायची, आमच्या तांदळाची, आमच्या घरची. ती बघायची, मी बघायचो. मला वाटलं, चला, नेम सुटला.

तेराव्यानंतरच्या सोमवारी ते एकटेच इंडियन दुकानात जाऊन तांदळाची पिशवी घेऊन आले आणि प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत स्वयंपाकघरातल्या कपाटात, खालच्या फळीवर वेगळी ठेवली. तेव्हा मला कळलं की हे आता लेकीचं घरही राहिलं नव्हतं. जावयाचं होतं.

तर सहल. आम्ही सहा जण होतो. वाटाड्या चाळिशीचा, काटक, आणि सकाळी निघण्याआधी त्याला प्रवचन करायची सवय. पहिल्या दिवशी हेल्मेट छातीशी धरून तो म्हणाला, "आज आपण डोंगराशी संवाद साधणार आहोत." डोंगराकडून काही उत्तर आलं नाही. पाऊस आला. तो दिवसभर टिकला, आडवा, अंगाला चिकटणारा. दोन्ही बाजूंना दलदलीची काळपट जमीन, पाठीवर निळे शिक्के मारलेल्या मेंढ्या आणि मध्येच पिवळ्या फुलांनी पेटलेली काटेरी झुडपं. बायकोनं हे पाहून काहीतरी मूर्खासारखं आनंदी म्हटलं असतं. मी 'चेन घसरतेय' म्हणालो.

मामांना बॅटरीची सायकल दिली होती. त्यांनी तिच्याकडे नातेवाइकाच्या दुसऱ्या बायकोकडे पाहावं तसं पाहिलं. "मोटार लावून हिला सायकल म्हणायचं, तर मिक्सरला पाटा-वरवंटा म्हणा की." पण पहिल्या चढावर मोटारीनं मागून हात दिला आणि ते आम्हा सगळ्यांच्या पुढे गेले, पाठ ताठ, पँटच्या उजव्या पायाला शाळेत जाताना लावायचे तसा चिमटा. सोबत पोर्टलीश गावची एक निवृत्त नर्स होती, जाडजूड, मनमोकळी. ती धापा टाकत मला म्हणाली, "तुझे बाबा तर उडतायत." मी दुरुस्ती केली नाही.

जेवताना तिनं मामांनाही विचारलं, "मुलाला किती वर्षं झाली इथं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, सूप ढवळलं आणि इंग्रजीत म्हणाले, "पुष्कळ."

नंतर खोलीत बूट वाळत ठेवताना मी विषय काढायचा म्हणून काढला. "ती मला तुमचा मुलगा समजली."

"ऐकलं की."

"तुम्ही काही बोलला नाहीत."

"परक्या मुलखात सगळं नातं उलगडून सांगायचं म्हणजे सूप निवतं." ते भिंतीकडे वळून झोपले. हॉटेलात ते बिनदिक्कत जेवत होते, अंडी, सॉसेज, काय येईल ते. ते अन्न कुणाच्याच घरचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डोंगरातला मोठा चढ होता. ऑक्स माउंटन्स म्हणतात त्या रांगेला. बैलांचे डोंगर. वाटाड्या सकाळी म्हणाला की या खिंडीच्या माथ्यावर प्रत्येक जण काहीतरी मागे टाकून येतो. नर्स म्हणाली, "मी गुडघा टाकणार." चढ निम्मा झाला आणि मामांच्या सायकलची बॅटरी संपली. सपाटीवरही त्यांनी मोटार पूर्ण वेगावर ठेवली होती, आमच्या मागे राहायला नको म्हणून. मोटार बंद पडली की ती सायकल म्हणजे निव्वळ वजन. वाटाड्या मागून येणाऱ्या मदतीच्या गाडीला फोन करतो म्हणाला. मामा नको म्हणाले. वाटाड्यानं वाद घातला नाही, नुसतं त्यांच्या सायकलवरचं सामान उतरवून स्वतःच्या सायकलवर बांधलं आणि पुढे गेला. त्या दिवसापासून त्याच्या प्रवचनांचं मला काही वाटेनासं झालं.

आम्ही दोघं चालत निघालो. ते त्यांची सायकल ढकलत होते, मी माझी. मी दोनदा म्हटलं की बदलू या. दोनदा त्यांनी ऐकलं नाही असं केलं. विचारायला याहून बरी जागा नव्हती. आजूबाजूला कुणी नाही, तोंडं एकमेकांकडे नाहीत. पण त्यांचा श्वास असा चालला होता की हो म्हणायलासुद्धा तो पुरला नसता. माथ्यावर पोचलो तेव्हा खाली सगळा समुद्र दिसत होता, शिशासारखा. मामा सायकलच्या दांडीवर दोन्ही कोपरं टेकून उभे राहिले. म्हणाले, "तिला हे झेपलं असतं व्हय?"

"आधीची असती तर पळत आली असती."

"आधीची," ते म्हणाले. पँटचा चिमटा नीट केला आणि सायकलवर बसले. मग उतार लागला.

खाली किनाऱ्यावर न्हाणीघर होतं. बैठी इमारत, आत पांढऱ्या फरश्या, पितळेचे जाडे नळ आणि सगळीकडे ओल्या किनाऱ्याचा वास. आमच्या दोघांच्या खोल्या शेजारी शेजारी. मधली फळ्यांची भिंत छतापर्यंत पोचत नव्हती. आधी वाफेच्या लाकडी पेटीत बसायचं, नुसतं डोकं बाहेर. मग टब. सांभाळणारी बाई वयस्कर होती. तिनं दोघांनाही बजावलं की शेवाळ निसरडं आहे, उठताना कड्या धरा, काही लागलं तर हाक मारा.

पाणी तपकिरी होतं आणि खूप गरम. शेवाळाच्या लांबच लांब पट्ट्या अंगावरून सरकत होत्या, चिकट. दोन दिवस दुखत होतं ते सगळं एकदम सैल झालं आणि मग त्याखालचं दुखायला लागलं.

"मामा."

"हं." आवाज फळ्यांच्या वरून आला.

"बरं आहे ना पाणी?"

"बरं आहे. डबक्यात बसलेल्या म्हशीला काय वाटत असेल, ते कळलं आज."

छताकडे बघून बोलणं सोपं होतं.

"मामा, जूनमध्ये जाऊ नका. इथंच राहा. अर्जाचं मी बघतो. वेगळा स्वयंपाक करायचा तर करा, मी काही म्हणणार नाही."

तिकडे पाणी हललं. नंतर ते नुसतंच निथळत असल्याचा आवाज.

"स्वयंपाकाचं नाही हो ते," मामा म्हणाले.

"मग?"

"मी राहिलो तर त्या घरात तिचा बाप बसलेला असणार. कोचावर, चष्मा लावून. बाप बसलेल्या घरात दुसरं माणूस पाय टाकत नाही."

"मला दुसरं माणूस नको आहे."

"आज नको. तिची आई गेली तेव्हा मलाही नको होतं. मला तेव्हा ही होती, शाळेत सोडायची, वेणी घालायची. त्यात दिवस गेले. तुम्हाला काय आहे? मी असलो तर तुम्ही माझंच करत बसाल. औषधं, दवाखाना. आणि एक दिवस मी जाईन, तेव्हा तुम्ही साठीचे असाल, आणि घरात परत कुणी नाही. दोनदा कशाला ते?"

मग मी जे म्हणालो, ते सांगायचं मी ठरवलं नव्हतं. "तिनं मला सांगितलं होतं. बाबांना एकटं सोडू नकोस म्हणून. मी हो म्हटलंय तिला."

"मलाही सांगितलं होतं," मामा म्हणाले. "बाबा, ह्याच्याजवळ राहा. पेजेची वाटी हातात होती माझ्या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो. त्या वेळी दुसरं काय म्हणतं माणूस?"

मी वाट पाहत होतो की ते अजून काही बोलतील, एखादा हिशेब मांडतील, गणितासारखा, म्हणजे मला त्यात चूक काढता येईल. त्याऐवजी त्यांनी नळ सोडला. पूर्ण सोडला. टब भरलेला होता, त्यांना पाणी नको होतं. त्या धबधब्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, तो मला ऐकू येऊ नये म्हणून तो नळ होता. तो मला ऐकू आला. आजारपणात नाही, दवाखान्यात नाही, विद्युतदाहिनीच्या दारात नाही, तो तेव्हा पहिल्यांदा.

मी हात लांब करून माझाही नळ सोडला.

दोन्ही टबांतलं पाणी काठावरून फरशीवर वाहायला लागलं, शेवाळाच्या पट्ट्या सोबत घेऊन, दाराखालून बाहेर. थोड्या वेळानं बाईची पावलं आली आणि दोन दारांच्या मधे थांबली. तिनं दार वाजवलं नाही.

"घ्या हवं तेवढं," ती बाहेरून म्हणाली. "समुद्राचंच आहे."