सोनाआत्याचा गडवा

सोनाआत्या कुणाच्या दारात पाणी प्यायली की चार पावलं चालायची आणि गपकन मागे वळून बघायची. आपण तोंड लावलेलं भांडं त्यांनी राखेनं घासायला टाकलं का? हे बघितल्याशिवाय तिचा पाय पुढे पडत नसे. पांढरकवड्याच्या जिनात कापसाच्या ढिगावर सोबत बसणाऱ्या बायकांवरही तिची हीच पाळत. म्हणायची, "दीक्षा आपुन घेतली बाप्पा, त्याह्यनं नाही घेतली."

संशयी म्हणजे किती! एस.टी.चा कंडक्टर हसला तरी हिचं सुरू, "हा काहून हसून राह्यला?"

सन साठनंतरची गोष्ट. तिनं लुंबिनीचा ध्यास घेतला. "बुद्धाच्या गावाकडं तरी मागं वळून पाहा लागू नये. तेवढंच पाहाचं हाय मले." मी नुकताच नोकरीला लागलो होतो, सोबत निघालो. पोत्याला दोन बंद शिवून आत्यानं ते पाठीवर घेतलं आणि वर आपला पितळी गडवा बांधला.

सरहद्दीपाशी बस थांबली. मध्ये नदी, पलीकडे नेपाळ. नावेत बसल्या बसल्या आत्या कुजबुजली, "माती तर इकडल्यासारखीच दिसते. हा गोल फिरवून इथंच उतरवन आपल्याले."

ऊन मी म्हणत होतं. गडवा रिकामा. म्हाताऱ्या नावाड्यानं आपला लोटा पुढे केला, तर आत्यानं आधी आपण कोण, पूर्वी कोण होतो, सगळं मोडक्या हिंदीत सांगून टाकलं. "बाद में मत बोलना!" त्यानं लोटा तसाच पुढे धरून ठेवला. ती प्यायली.

उतरली, चार पावलं चालली आणि वळलीच. म्हातारा लोटा नदीत बुडवत होता.

"धुतला," आत्या म्हणाली.

"अगं, भरला असेल."

"तुले काय समजते!"

झालं! पुढच्या बसमध्ये तोंड फुगवून बसली. लुंबिनीत हात जोडले, रडलीही, पण जीव त्या लोट्यातच अडकलेला. इतक्या लांब येऊन हे काय, असं वाटून मला भारी राग आला.

परतीला तोच नावाडी. या खेपेला आत्यानं गडवा भरून घेतला होता. अलीकडच्या काठावर उतरल्यावर तिनं तो त्याच्यापुढे धरला. "पियो. मुँह लगा के."

तो घुटमळला. माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि तोंड लावून प्यायला. अर्धा गडवा परत दिला. तो तसाच हातात धरून आत्या निघाली. चार पावलांवर थांबली. आता वळणार, मला वाटलं. वळली नाही.

"तू पाह्य रे," म्हणाली.

मी पाहिलं. म्हातारा नावेतून उतरून काठावर उभा होता. त्याची नजर आत्याच्या हातातल्या गडव्यावर होती. ही आता तो धुते का, हे तो बघत होता.

"आत्या, तो पाहून राह्यला."

"माय वं!" आत्याचा चेहरा एकदम उतरला. अशी तिला मी कधी पाहिली नव्हती. मग ती त्याच्याकडे वळली, त्याला नीट दिसेल अशी उभी राहिली आणि गडव्याला तोंड लावून उरलेलं सगळं पाणी प्यायली.

"पाहू दे त्याले," म्हणाली.