सरूनं कालवलेली परदेशी पावडर

त्या संध्याकाळी आम्ही दोघं डेग घासत होतो. मी आतून, ती बाहेरून.

"आवं, बूड ऱ्हायलं की. आचारी हायसा का पाव्हणं?" सरू म्हणाली.

मी पुन्हा राख घेतली. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

दुष्काळात माण तालुक्यातल्या एका गावात आमच्या मंडळानं पोरांसाठी सेंटर काढलं होतं. मी आचारी, बायको सरू माझ्या हाताखाली. म्हणजे सांगायला हाताखाली. वर्गणी आटली आणि पोरांचं दूध बंद पडलं. मग चेअरमनदादांनी एका परदेशी धर्मादाय संस्थेला गळ घातली. दुधाच्या पावडरीचे डबे आले. पावडर म्हणजे दूध आटवून वाळवलेली भुकटी. पाणी घातलं की परत दूध.

डबे आले आणि भांडणं आली. कमिटीत निम्मे खादीवाले. परदेशी वस्तूला शिवायचं नाही ही त्यांची शपथ. कचेरीतला साहेब विचारी, बाहेरचा माल तुम्हालाच कसा? गावात उठलं, ही हाडांची भुकटी, बाटवायला धाडलीय. एक पोर फिरकेना.

डेग पालथी घालतोय तोवर दादा आले. "परवा सकाळपतूर पोरं प्याली न्हाईत तर डबे परत. सेंटर बंद."

"डबा फोडा, दादा," सरू म्हणाली.

तिनं तांब्याभर दूध कालवलं आणि पारावर सगळ्यांदेखत घटाघटा प्याली. "बाटले का मी? बघा की, कुंकू हाय न्हवं जाग्यावर?"

लोक हसले. एकदोघी पोरं आणते म्हणाल्या.

पहाटे तिचा दमा उसळला. जुनाच दमा. वैद्य येईतो संपली.

सरणापाशीच कुणीतरी पुटपुटलं, "गोऱ्याचं दूध बाधलं."

दादांनी ऐकलं. मला म्हणाले, "आबा, आता डबे जाऊ द्या."

"उद्या सकाळपतूर शब्द दिलाय न्हवं? मग गप बसा," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पारावर गेलो. सुतकात सेंटरच्या भांड्याला हात लावायचा नाही, म्हणून घरचा तांब्या आणि कढत पाणी नेलं. सगळ्यांसमोर पावडर टाकली. नुसत्या गुठळ्या.

"आचारी म्हनं!" मागनं कुणीतरी बोललं.

मी गुठळ्या चावून चावून प्यालो. मग तिथंच बसून राहिलो. मेलो नाही. दोनदा ढेकर आली.

ऊन चढल्यावर धनगराची एक म्हातारी नातीला घेऊन पुढं आली. लोकांकडं बघून म्हणाली, "सरूला पानी भरताना बी धाप लागायची. मी पाठ चोळलीया तिची. दूध बाधलं म्हनं! घाला रं पोरीला."

दादांनी स्वतः, खादीच्या बाह्या सारून, कालवलं. डबे राहिले. सेंटर राहिलं.

नवीन माणसाला मी एवढंच सांगतो. पावडर आधी गार पाण्यात कालवावी, मग तापवावी. आणि बायको कालवत असली, तर जवळ बसून बघून घ्यावं.