जावांचं बदक

थोरली जाऊ घरीच शिवणकाम करायची. बदकाचं पिल्लू तिनेच वाढवलं आणि बाहेर नेताना ते निसटू नये म्हणून छातीला बांधायचा मऊ पट्टाही तिनेच शिवला. पण संध्याकाळी दोघी तळ्यावर गेल्या की ते धाकट्या जावेच्या मागे तुरुतुरु चालायचं आणि थोरलीचा जळफळाट व्हायचा.

"काहीतरी चारून लाडावलंयस तू त्याला."

"नाही हो, ताई," धाकटी हसायची.

एकदा धाकटी कामावरून यायच्या आधीच थोरली मुद्दाम एकटी बदकाला घेऊन निघाली. तळ्याकाठी एक मोकाट कुत्रा भुंकत अंगावर आला. तिने घाबरून पट्ट्याला बांधलेली दोरी खेचली, तसं बदक जास्तच फडफडायला लागलं. तेवढ्यात कामावरून परतलेली धाकटी मागून धावत आली. तिने ओढणी टाकून बदकाचे पंख मिटले, त्याला उचलून पोटाशी धरलं आणि कुत्र्यावर अशी खेकसली की तो शेपूट घालून पळाला.

"न सांगता का आलात, ताई?"

थोरलीला खोटं सुचेना. "एक दिवस तरी ते माझ्या एकटीचं असावं, असं वाटलं गं."

"आणि मला काय वाटत असेल? सुट्टीच्या दिवशी बघते ना, घरी दिवसभर तुमच्या मशीनखाली बसून असतं. मी हाका मारून दमते, पण ढुंकून बघत नाही!"

ते ऐकून थोरलीला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. तरी परतताना बदक तिने स्वतःच्याच कडेवर घेतलं.