शूरवीरांनी मारलेली म्हातारी

रोह्याला रविवारी दुपारी आम्ही एक खेळ खेळायचो. कागद, पेन्सिली, वीस बाजूंचा फासा आणि तोंडची गोष्ट, एवढंच सामान. खेळणाऱ्याने एकेक पात्र घ्यायचं, ते काय करतं ते सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासा ठरवणार; आकडा मोठा आला तर जमलं. गोष्ट सांगणारा एकच, आणि वाटेत भेटणाऱ्या सगळ्या माणसांच्या तोंडून बोलणाराही तोच. तो मी. पेणहून गाडीत बसलो की कासू, निडी ही स्टेशनं जाईपर्यंत पुढचा प्रसंग मनात जुळवायचो.

खेळणारे तिघं. ज्याच्या घरी जमायचो तो कंपनीत इंजिनीयर. खेळात तो तलवारबाज. दुसरा बँकेतला अधिकारी, तो जादूगार. तिसरी त्याची बायको, शाळेत शिक्षिका. ती वैदीण झाली होती.

इंजिनीयरची गंमत सांगतो. शिफ्टच्या साहेबाचा फोन आला की हा घरातसुद्धा उठून उभा राहायचा. शेजाऱ्याने याच्या जागेत स्कूटर लावली तर हा मुकाट्याने आपली गाडी गल्लीच्या टोकाला ठेवून यायचा आणि वर येऊन आमच्यापाशी गुरगुरायचा. अशा माणसाच्या हाती तलवार आली की निदान तिथे तरी तो राक्षसाला भिडेल, असं मला वाटायचं. छे! राक्षस दिसला की हा मागे, वैदीण पुढे.

त्या रविवारी त्यांना खाडी ओलांडून किल्ल्यावर जायचं होतं. वाटेत मी एक मिठागर ठेवलं होतं आणि तिथे मीठ ओढणारी एक म्हातारी. माझ्या आत्याच्या गावच्या बायका बोलतात तसं मी तिला बोलायला लावलं.

"नाय बाबा, त्या वाटेनं जाव नका. भरती लागलीय. पानी उतरू द्या."

"मी तिला मारतो," इंजिनीयर म्हणाला.

"का?"

"आपण इथून गेलो हे ती किल्ल्यावर सांगेल. साक्षीदार नको."

"अरे, ती मीठ ओढतेय."

"गेम आहे यार!"

फासा पडला, चांगला मोठा आकडा आला. म्हातारी मेली. बँकवाला इतका हसला की त्याचा चहा सांडला. "तिच्या कमरेला काय आहे बघ," म्हणाला. तंबाखूची चंची निघाली. तीही या वीराने घेतली.

अशा वेळी गोष्ट सांगणारे किल्ल्यावरचे शिपाई धाडतात, गुन्हेगाराला झोडपून काढतात. मला तसं करायचं नव्हतं. शिपाई आले असते तर यांना आणखी एक मारामारी मिळाली असती, आणि तेवढं सुखही यांना द्यावंसं मला वाटेना. मी फक्त गोष्ट पुढे चालू ठेवली. गावात शिरले तर दारं बंद. होडीवाल्याने यांना पाहून होडी आत खाडीत नेली. पाणी मागितलं, कुणी दिलं नाही.

"काहीतरी होऊ दे की!" इंजिनीयर वैतागला.

तेव्हा शिक्षिका पहिल्यांदा बोलली. "मी त्या म्हातारीच्या घरी जाते."

मी म्हातारीची सून झालो. "कोन गो तू? आमची सासू मिठागरावशी आली नाय. बघलंस तिला?"

शिक्षिकेने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाली, "व्हय. ती गेली. आमच्यातल्याच एकानं मारलं तिला."

"ही आपल्याला पकडून देणार," इंजिनीयर ताडकन म्हणाला. "मी या वैदिणीलाही मारतो." त्याने फासा उचलला. शिक्षिका समोरच बसली होती. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिची नजर टाळली, पण फासा हातातच ठेवला.

"फासा पडणार नाही," मी म्हणालो.

"नियमात बसतं."

"बसू दे."

"तू ना, फार मनाला लावून घेतोस."

शिक्षिका नवऱ्याकडे वळली. "तू काही बोलणार नाहीस?"

"अगं, पात्रच तर आहे," मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणाला.

ती उठली आणि चपला घालून निघाली. मीही कागद गोळा केले. मी जिना उतरत असताना इंजिनीयरचा फोन वाजला, आणि वरून "हो सर, लगेच सर" असं ऐकू आलं. इतका वेळ मी राग आवरून धरला होता. तिथे मात्र मला हसू फुटलं.

त्यानंतर त्या घरी मी गेलो नाही. त्यांनी दुसरा गोष्ट सांगणारा शोधला. तो त्यांना हवी तेवढी गावं जाळू देतो म्हणे, आणि सगळे खूश आहेत. शिक्षिका आता रविवारी पेणला आमच्याकडे येते. माझी बहीण त्या सुनेचं पात्र घेऊन खेळते. वैदीण आणि सून मिळून मिठागराचा भरतीत फुटलेला बांध पुन्हा घालताहेत. मागच्या रविवारी सगळी दुपार त्या कामाला माणसं जमवण्यातच गेली. संध्याकाळी बँकवाला बायकोला न्यायला आला. दारातूनच त्याने विचारलं, "काय, आज तरी कुणाला मारलंत का?"

"नाही," ती म्हणाली.

त्याला आमची कीव आली. चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.