तुटलेलं नाक तसंच ठेवणारा हात

मीराचा फोन आला तेव्हा मी प्रिन्स्टन जंक्शनच्या पार्किंगमध्ये नुकतीच गाडी लावली होती. "ताई, बाबा गेले," एवढंच म्हणाली. माझी ट्रेन गेली, पुढचीही गेली. मी आपली स्टिअरिंग धरून बसून राहिले...

मीराचे बाबा, अरविंदकाका, नात्याने माझे कुणी नव्हते, वेस्ट विंडसरमधले शेजारी. औषध कंपनीतून रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकातली रेखाटनं धरली! कुणा साहेबाच्या नावावरची, आपल्याकडच्या लेण्यांची आणि पडक्या देवळांची पेन्सिलचित्रं इथल्या एका ग्रंथालयात आहेत. काका महिन्यातून दोनदा तिथं ड्राइव्ह करून जायचे आणि समोर कागद ठेवून त्यांची नक्कल करत बसायचे. एकदा मीही गेले. त्यांनी एकाच मूर्तीची दोन चित्रं शेजारी ठेवली. "बघ, इथं यक्षीचं नाक शाबूत. साहेबाने मनाने भरलंय. आणि इथं?" दुसऱ्या चित्रात नाक तुटलं होतं, तिथं रेघ थांबली होती. कोपऱ्यात मापं चक्क मोडी लिपीत. "सही साहेबाची, हात आपल्या माणसाचा. आणि त्याचं नाव कुठंच नाही गं!" आवाज इतका चढला, की ग्रंथपालबाईंनी डोळे वटारले.

पुढची नऊ वर्षं काका त्या नावामागे होते. त्या हाताची चौतीस चित्रं त्यांनी वेगळी काढली. एकदा साहेबाच्या नोकरांच्या जुन्या यादीत एक नाव सापडलंही. इथल्या मराठी मंडळात भाषण ठरलं, मी पेढे आणले. आणि आदल्या आठवड्यात काकांच्या लक्षात आलं, की तो माणूस नोकरीला लागला त्याआधीच ही चित्रं झालेली होती. भाषण कॅन्सल केलं. "अहो काका, इथं कुणाला कळणार आहे?" मी म्हटलं. काय चिडले! "तो तुटलंय तिथं थांबला, आणि मी नाक चिकटवू?" तेव्हा मला रागच आला होता. आज वाटतं, इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मीरा मात्र वैतागायची. "हू केअर्स, बाबा? ही इज डेड!" काका हसायचे आणि चित्रांखालचं साहेबाचं नाव काढा म्हणून ग्रंथालयाला पुढचं पत्र लिहायचे.

काका जाऊन पाच आठवडे झाले आणि परवा ग्रंथालयाचा ईमेल आला. चौतीस चित्रांखालचं साहेबाचं नाव त्यांनी काढलंय. तिथं आता 'अज्ञात भारतीय चित्रकार' असं आहे, आणि 'ही दुरुस्ती एका वाचकाने सुचवली' अशी एक ओळ. काकांच्या खोलीत उभी राहून मी ढसाढसा रडले. "किती खूश झाले असते गं..."

"आय ॲम नॉट," मीरा म्हणाली. "'एका वाचकाने'? ही हॅड अ नेम, ताई." तिने बाबांची खुर्ची पुढे ओढली, लॅपटॉप उघडला आणि ग्रंथालयाला पत्र लिहायला बसली.