तिसरी हाक

"अवं, हा तं तुहाच आवाज होय बाई!"

शेजारीण अंगणात म्हणाली आणि मी आत, स्वयंपाकघराच्या दाराआड, पाण्याचा गडवा हातात घेऊन तशीच उभी राहिले. बाहेर मोहफुलं वाळत घातली होती. त्यांच्या कडेला मावशी, शेजारीण आणि माझी मावसबहीण एका फोनवर वाकून बसल्या होत्या. फोन माझा होता. मावसबहिणीने तो फोटो बघायला मागून घेतला होता आणि फोटो सोडून माझा गेम उघडला होता.

फोनमधून पुन्हा हाक आली. "ओऽ बाईऽऽ..." मावशीचाच आवाज. मग पानं चुरडल्याचा, मग गुरगुरण्याचा. पडदा लाल झाला असणार, कारण मावसबहीण "गेली!" म्हणून हसली.

"कोन गेली?" मावशीने विचारलं.

"मी गेली ना आई. तू हाक मारली, मी बटन दाबून ओ देल्ली, म्हून वाघ आला."

"ओ देल्ली म्हून आला?" शेजारीण म्हणाली. "ओ देल्ली तं जाते ना तो?"

"पुण्याचा वाघ हाये तो, काकू. त्याले उलटंच शिकवलं असन."

तिघी हसल्या. शेजारीण सगळ्यात आधी थांबली.

मी पुण्यात गेम डिझाइन शिकते. तिसरं वर्ष. हा गेम माझा वर्षाचा प्रकल्प होता. एक मुलगी पहाटे जंगलात मोहफुलं वेचते आहे. कुठूनतरी एका बाईची हाक येते. उत्तर द्यायला एक बटण आहे. दिलं, तर वाघाला तुमची जागा कळते. दोन-तीनदा मेल्यावर खेळणारा शहाणा होतो आणि हाक आली तरी गप्प राहायला शिकतो. माझ्या शिक्षकांना नेमकं हेच आवडलं होतं. माणसाची ओढच माणसाला मारते, हा नियम फार धाडसी आहे, असं एक सर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे खरंच असं असतं?"

मी होकारार्थी मान हलवली. वर्गात मी सहसा बोलत नाही, त्यामुळे माझी मानसुद्धा लोक खरी धरतात. शिवाय त्या वर्गात जंगलाच्या जिल्ह्यातली मी एकटीच होते.

खरं तर मी चंद्रपूरच्या एका वसाहतीत वाढले. इंग्रजी शाळेची बस दारात यायची. सिंदेवाहीजवळच्या या गावात आम्ही उन्हाळ्यात पंधरा दिवस यायचो आणि ते मी पंख्याखाली पुस्तकं वाचण्यात घालवायचे. मावशी मोह वेचायला निघाली की दाराची कडी वाजायची. ती ऐकून मी कूस बदलायचे. जंगलाची माझी ओळख एवढीच.

जंगलात कसं असतं ते मला आईकडून माहीत होतं. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं असतं. झाडाखाली वाकलेल्या बाईला मधल्या झुडपांमुळे दुसरी दिसत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने एकजण हाक मारते आणि बाकीच्या एकेक करून ओ देतात. आवाजाने वाघ लांब राहतो, आणि कोण कुठे आहे तेही कळतं. जिची ओ आली नाही, तिच्याकडे सगळ्या हातातलं टाकून धावतात. दोन वर्षांपूर्वी शेजारणीच्या जावेची ओ आली नव्हती. हे आईने मला फोनवर सांगितलं, तेव्हा ती रडत होती. मी त्याचा एक परिच्छेद करून प्रकल्पाच्या अर्जात घातला. चांगल्या इंग्रजीत. मग बटणाचा नियम ठरवताना तोच परिच्छेद उलटा केला, कारण गप्प राहण्यात जास्त ताण तयार होत होता.

आवाज मी मागच्या वर्षी घेतला होता, याच अंगणात. "कॉलेजले पाहिजे," एवढंच मावशीला माहीत होतं. ती लाजत होती. "इथी कोनाले हाक मारू?" मी म्हटलं, मलाच मार. तिने मारली आणि माझ्याकडे बघत थांबली. मी ओठावर बोट ठेवलं. माझा आवाज त्यात नको होता. तिने दुसऱ्यांदा मारली, पुन्हा थांबली. मी फोन धरून गप्प. तिसऱ्या वेळी तिने माझ्याकडे बघितलं नाही. गल्लीच्या टोकाकडे तोंड करून तिने हाक दिली आणि शेवटी तिचा आवाज जरासा फाटला. मी तीच हाक निवडली. मावशीला अभिनय जमतो, असं तेव्हा मला वाटलं होतं.

"आन् ओ नाईच देल्ली तं?" बाहेर शेजारीण विचारत होती.

"तं मंग जितते."

मग मावशीचा आवाज आला, "लेकरू हाये ते. तिले का मालूम? शाळेत कुठी शिकवते हे." आणि जरा मोठ्याने, "पानी आनून राह्यली का वं पोरी?"

मी गडवा घेऊन बाहेर गेले. शेजारणीने पाणी घेतलं, प्यायली, माझ्याकडे पाहिलं नाही. मावशीने फोन पदराला पुसून मला परत दिला. तिने काही विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं. ते मनात इंग्रजीतच जुळलं होतं. पण ती फक्त म्हणाली, "उद्या येजो आमच्यासंगं. पाहून घेजो एकडाव."

आठवड्याने पुण्यात अंतिम सादरीकरण होतं. मी गप्प राहिले तर गेम तसाच पुढे जाणार होता, मावशीच्या आवाजासकट.

सकाळी फटफटल्यावर निघालो. मावशीने मला तिच्या झाडापासून वीसेक पावलांवरच्या लहान मोहाखाली बसवलं. मध्ये झुडपं होती. "हाक मारली का ओ देजो. बस, एवढंच काम हाये तुहं." फुलं ओली होती, बोटांना चिकटत होती. टोपलीचा तळ झाकला गेला तेव्हा मावशीची पहिली हाक आली.

डावीकडून शेजारणीची ओ आली, जाड आणि आखूड. लांबून मावसबहिणीची, हेल काढलेली. मग एक जागा रिकामी राहिली. ती माझी होती.

मी तोंड उघडलं. शाळेत हजेरीलासुद्धा बाई मला दोनदा बोलायला लावायच्या. माझी ओ कशी येईल ते मला आधीच ऐकू येत होतं: नक्कल केल्यासारखी. आणि काल जे झालं, त्यानंतर शेजारणीच्या कानावर ती कोणत्या तोंडाने घालायची? पुढच्या हाकेला सगळ्यांबरोबर देऊ, मी ठरवलं, म्हणजे त्यांच्यात मिसळून जाईल.

दुसरी हाक माझ्या नावाने आली. ती फक्त मलाच होती, त्यामुळे मिसळायला कुणी नव्हतं. मी तळहातावर एक फूल घेऊन उभी राहिले.

तिसरी हाक मी ओळखली. शेवटी त्याच ठिकाणी फाटलेली. हेडफोन लावून ती मी कितीतरी वेळा ऐकली होती, तिची दोन्ही टोकं कापली होती, मागची खरखर काढली होती. अंगणात मावशीने अभिनय केला नव्हता.

मी श्वास घेतला तोवर झुडपं मोडत शेजारीण आली, अनवाणी, हातात काठी, पदर काट्याला फाटलेला. मागून मावसबहीण. मग मावशी. तिची टोपली वाटभर सांडत आली होती.

मी धडधाकट उभी होते. शेजारीण मटकन खाली बसली आणि छातीवर हात ठेवून दम घेत राहिली. "काऊन वं?" ती म्हणाली. "काऊन नाई देल्ली ओ?"

मावशीने माझे दंड चाचपले, पाठ चाचपली. मग माझ्याआधी तिनेच उत्तर दिलं, "तिले आयकू नसन आलं. ते कानात घालून राह्यते ना दिवसभर." बोलता बोलता तिने माझे केस बाजूला केले. कानात काही नव्हतं. इअरफोन घरी होते. ते तिने पाहिलं, केस पुन्हा नीट बसवले आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, "नाईच आलं असन आयकू."

शेजारणीने पटल्यासारखी मान हलवायला घेतली होती. मी फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते मला चांगलं येतं.

"आलं होतं," मी म्हणाले. "ऐकू आलं होतं, मावशी. मागच्या वर्षी अंगणातही."