मावशीसमोर आधी नाव सांगायचं

ताईने आज डोळ्यांत थेंब घातले असतील का, हा प्रश्न जेवताना होता, भांडी आवरताना होता, आणि आता सगळं घर झोपलंय तरी माझ्याबरोबर जागा आहे. झोपण्याआधी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, एवढंच काम. पण ताई स्वतःच्या बाबतीत चालढकल करण्यात पटाईत. गिऱ्हाइकाची पँट वेळेआधी तयार, स्वतःच्या उसवलेल्या बाहीला मात्र वर्षभर सेफ्टी पिन.

ताई माझी मोठी बहीण. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन, शेजारी इस्त्रीचं टेबल. लोकांचे कपडे सैल-घट्ट, लांब-आखूड करून द्यायचे, हा तिचा धंदा. माझा कॉलेजचा सगळा अभ्यास त्या मशीनच्या खडखडाटात झाला. टाचण्या ती डाव्या बाहीत टोचून ठेवते, म्हणून तिला मिठी उजवीकडूनच मारायची, हे मी लहानपणीच शिकले आणि पुढे माझ्या मुलांना शिकवलं.

सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो. गाडीने अख्खा दिवस लागतो. धाकटीला गाडी लागते, थोरल्याला खिडकी लागते आणि मला, नवऱ्याच्या मते, काळजी करायला विषय लागतो. धाकटीची दुसरी उलटी निस्तरून झाल्यावर त्याने मुलांशी एक खेळ सुरू केला.

"मावशीकडे चपला कुठे?"

"कोपऱ्यात."

"खेळणी?"

"पलंगावर. वाटेत नाही."

"आणि मावशीसमोर आलं की?"

"आधी नाव सांगायचं."

"वा," मी म्हटलं, "घरी सोफ्यावर मोजे टाकणारा माणूस शिस्त शिकवतोय."

तो हसला. मला खरंच कौतुक वाटलं. मी संत्रं सोललं आणि गाडी चालवणाऱ्या त्याच्या तोंडात एकेक फोड देत राहिले. त्या फोडी आठवल्या की आता अंगाचा तिळपापड होतो.

ताई दारात उभी होती. मुलांनी एकामागून एक आपापली नावं सांगितली. ताईने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि दोघांना जवळ घेतलं. चहा होईपर्यंत तिने माझ्या कुर्त्याचं लोंबतं बटण पाहिलं, सुई घेतली आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवला.

"तुझे डोळे अजून तरुण आहेत गं," मी म्हटलं.

"बटणं तोडत जा तू, म्हणजे तरुणच राहतील."

नवरा उठून पाणी प्यायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी धाकटी पेला घेऊन ताईकडे धावली, उजवीकडून, शिकवल्याप्रमाणे. ताई नेमकी तिकडेच वळली आणि तिच्यावर आदळली. पेला फुटला.

"भूत आहेस का गं? आलीस कुठून?" ताई हसत म्हणाली.

थोरला मात्र बहिणीवर खेकसला, "नाव का नाही सांगितलंस?"

मला वाटलं, पोराने खेळ फारच मनावर घेतलाय. मी काचा वेचत बसले.

परतीच्या वाटेवर, सगळे पेंगत असताना, धाकटीने मागून विचारलं, "बाबा, आईला कळलंच नाही. आपण जिंकलो ना?"

नवऱ्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

ताईला काचबिंदू झालाय. दोन्ही बाजूंचं दिसणं हळूहळू गेलं, ते परत येणार नाही. समोरचं अजून स्वच्छ आहे, म्हणून सुई ओवता येते. तेवढं टिकवायचं तर थेंब चुकवून चालणार नाही. हे सगळं नवऱ्याला माहीत होतं, कारण तिला डॉक्टरकडे त्यानेच नेलं होतं. मी त्याची बॅग भरून दिली होती, ऑफिसच्या दौऱ्यासाठी म्हणून.

"ताईंनी शपथ घातली होती," तो म्हणाला.

"आणि मुलं?"

"त्यांना सांगावंच लागलं. ताई अडखळून पडल्या असत्या."

पाच वर्षांच्या पोरीच्या पोटात गुपित राहील याचा दोघांना भरवसा होता. माझ्याबद्दल नव्हता.

घरी पोहोचल्यावर ताईला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "तू काळजी करायला लागलीस की आजाऱ्यालाच तुझी सेवा करावी लागते बाई. मला मशीन चालवायचंय."

"थेंब तरी घालतेस ना?"

"घालते की, आठवलं की."

मी रडायला लागले. "बघ," ती म्हणाली. मी फोन ठेवला, तो आजतागायत उचललेला नाही. नवऱ्याशीही कामापुरतंच बोलते. दोघांनी मिळून मला वेड्यात काढलं, तेही माझ्याच मुलांना हाताशी धरून. हे मी विसरणार नाही, आणि विसरावं असं वाटतही नाही.

पण 'आठवलं की' हे तिचे दोन शब्द काही केल्या डोक्यातून जात नाहीत. तिला आठवण करून देणारं त्या घरात आहे कोण?

ताई अजून जागी असेल. दुसऱ्या दिवशी द्यायचे कपडे हातावेगळे केल्याशिवाय ती मशीन कापडाने झाकून ठेवत नाही. आता फोन लावते. आधी सांगणार, की मी रागावलेय आणि हा राग लवकर जायचा नाही. रडणार नाही. मग म्हणणार, बाटली घे. ती कटकट करेल, करू दे. झाकण उघडल्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही, आणि उद्याही याच वेळेला लावणार.